केंजळेकाकांचा संप

सकाळी पावणेसातला दाराची बेल लांबलचक वाजली की आमच्या घरात "कोण आहे?" असं कुणी विचारायचं नाही. केंजळेकाका असायचे. बेलवर ठेवलेलं बोट काढायचं भान त्यांना राहत नसे, इतकं डोक्यात काहीतरी ताजं शिजलेलं असायचं.

"सेक्रेटरीबाई, सापडलं!"

दार उघडावं तर समोर काका. अंगात बंडी, चष्मा कपाळावर, काखेत खाकी कव्हर घातलेला जाडजूड शब्दकोश. मी हातात गाळणं धरून उभी.

"काय सापडलं?"

"हरताळ! हाट म्हणजे बाजार. ताळा म्हणजे कुलूप. बाजाराला कुलूप! अहो, जन्मभर आपण हा शब्द बोलतोय आणि त्यात चक्क कुलूप लटकतंय. तुम्हाला दिसलं होतं का कधी?"

मला दिसलं नव्हतं. मला त्या घटकेला उतू जाणारं दूध दिसत होतं. पण काकांना 'नंतर सांगा' म्हणायची सोय नव्हती, कारण नंतर ते तेच दुप्पट वेळ सांगत. आणि खरं सांगू का, मलाही मजा यायची. बँकेत दिवसभर आंबट चेहरे बघायचे असतात. त्याआधी कुणीतरी एका शब्दापायी इतकं खूश झालेलं बघितलं की दिवस बरा जायचा.

वसंत केंजळे. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत, पाचव्या मजल्यावर, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. खडकीच्या एका खाजगी कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य लोखंड कातायच्या लेथवर काढलं. शिक्षण मॅट्रिक आणि वर आयटीआय. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी नाशिकला. मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. सेक्रेटरी म्हणजे काय, तर शेजाऱ्यांच्या शिव्या खायची बिनपगारी नोकरी. काका मला नावाने कधी हाक मारत नसत, कायम सेक्रेटरीबाई.

त्यांचं वेड सरसकट सगळ्या शब्दांचं नव्हतं बरं का. फुलापानांच्या, दागिन्यांच्या, देवादिकांच्या शब्दांकडे ते ढुंकूनही बघत नसत. त्यांना हवे असायचे ते चारचौघांनी मिळून 'नाही' म्हणण्याचे शब्द. हरताळ, बहिष्कार, असहकार, घेराव. इंग्रजी सुद्धा चालायचे. 'बॉयकॉट' हे मुळात एका साहेबाचं आडनाव, सगळ्या गावाने त्याच्याशी बोलणंचालणं टाकलं आणि त्या टाकण्यालाच बिचाऱ्याचं आडनाव चिकटलं, हे त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं होतं. पाच मजले उतरेपर्यंत गोष्ट संपली नाही म्हणून लिफ्ट पुन्हा वर नेली होती. खाली लोक बटण दाबून दाबून कंटाळले. काकांना त्याचं काही नाही.

असलेच शब्द का, असं मी एकदा विचारलं. "छंद," म्हणाले. "लोक नाणी जमवतात, मी हे जमवतो. शब्द उघडून बघावा, आत माणसं सापडतात." आणि विषय बदलला. विषय बदलणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, त्यामुळे ते माझ्या लक्षात राहिलं.

त्यांना कंपवात होता. ज्या हाताने त्यांनी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत लोखंड कातलं, तो हात आता चहाचा कप अर्धाच भरलेला मागायचा. त्याचीही थट्टा करायचे. म्हणायचे, "आता लेथची गरज नाही. कातायचा जॉब नुसता हातात धरला तरी फिरतो."

त्यांचं सगळं सुनंदा बघायची. मूळची मुळशीकडची, जिभेने फटकळ आणि हाताला चव. दोन्ही वेळचा स्वयंपाक, केरफरशी, आंघोळीचं पाणी आणि मुख्य म्हणजे गोळ्या. पाकिटातून गोळी दाबून काढणं काकांच्या बोटांना जमत नसे. सुनंदा सकाळी चार वाट्यांमध्ये चार वेळच्या गोळ्या काढून ओळीने मांडून जायची. वेळ चुकली की काकांचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं, खुर्चीतून उठता यायचं नाही, शब्दही फुटायचा नाही.

एके दिवशी काकांनी जुन्या पेटीतून व्हर्नियर काढला आणि सुनंदाच्या पोळीची जाडी मोजली. हात थरथरतोय, पोळी हलतेय, तरी मोजली! "सव्वा सूत," म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, वर्कशॉपातलं माप.

"काय ओ काका, पोळी खायाची का कारखान्यात लावायची?" सुनंदा कमरेवर हात ठेवून उभी.

"जाड आहे, एवढंच म्हटलं."

दुसऱ्या दिवशी तिने अशी पातळ पोळी लाटली की आरपार खिडकी दिसावी. ताटात आपटून म्हणाली, "घ्या. आता मोजा." काकांना एवढा आनंद झाला की ती पोळी घेऊन ते आमच्याकडे दाखवायला आले. "सेक्रेटरीबाई, हा बघा टॉलरन्स! मापात केसाचा फरक नाही!" पोळी माझ्याच घरात, माझ्याच लोणच्याबरोबर खाल्ली.

आणि मंडईचा तो किस्सा! मी रविवारी भाजीला निघाले होते, काका मागे बसले स्कूटरवर. मंडईजवळ एका गुजराती शेठचं मसाल्याचं दुकान आहे, तिथे मी धणे घेत होते. शेठ गल्ल्यावर बसून दोघा मुलांना झापत होते. दोघे भाऊ सकाळपासून भांडत होते म्हणे. झापता झापता शेठ म्हणाले, "संप त्यां जंप!"

काकांनी माझा दंड असा काही दाबला की धण्याची पिशवी पडता पडता राहिली.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा!"

शेठ गांगरले. "काही नाही काका, घरची गोष्ट. संप त्यां जंप. म्हणजे जिथे एकी तिथे सुखशांती."

"संप म्हणजे एकी?"

"एकीच की. आमच्यात सुनेला सांगतात, संपीने राहा. मिळून मिसळून राहा."

"म्हणजे तुमच्या घरात संप असला तर चांगलं?"

"अहो, देवाने द्यावा संप!"

काका गल्ल्यावरून वाकून शेठच्या गळ्यात पडले. मागे पाचसहा गिऱ्हाइकं खोळंबलेली, त्यातली एक बाई म्हणाली, "जत्रेत हरवलेले भाऊ भेटलेत वाटतं." काकांनी तिलाही सोडलं नाही. तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, आपल्या कोशात तेच लिहिलंय! संप म्हणजे एकोपा. सलोखा. काम बंद ठेवणं नंतर आलं. साहेबाचा स्ट्राइक कुठून आला? खलाशांनी जहाजाची शिडं खाली उतरवून ठेवली, त्यातून. म्हणजे त्याच्या शब्दात थांबलेलं जहाज आहे. आपल्या हरताळात कुलूप आहे. आणि संपात? संपात काहीच थांबत नाही हो! संपात नुसती माणसं एकत्र उभी आहेत!" बाई म्हणाली, "ते ठीक आहे, पण माझं जिरं?" परत येताना काका रस्ताभर स्कूटरवर मागे बसून 'संप त्यां जंप' म्हणत होते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला हसला, तर त्यालाही सांगितलं.

मग गेल्या वर्षी आमच्या सोसायटीला आधुनिक व्हायची हुक्की आली. गेटसाठी मोबाईलवर एक ॲप घेतलं. कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला एक कोड. तो दाखवला की वॉचमन आत सोडणार, आणि तिचं काम बघून ज्याने त्याने तिला पाचपैकी स्टार द्यायचे. तीनच्या खाली घसरली की कोड बंद. आमचे चेअरमन लेले यांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते मीटिंगमध्ये दोनदा समजावून सांगितलं. पत्रक मी लिहिलं. सहीही माझीच. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे इथे कबूल करून टाकते.

बायका त्या स्टारना चांदण्या म्हणायच्या. "तुझ्या किती चांदण्या?" "साडेचार." हसत होत्या सुरुवातीला. मग मुमताजची पाळी आली.

मुमताज आमच्या सोसायटीत बारा वर्षं येत होती. चार पिढ्या पुण्यातल्या, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी. तिचे सासरे वारले. जियारतीच्या प्रार्थनेला आणि पाहुण्यांच्या उठबशीला म्हणून ती दोन दिवस घरी राहिली. फोन करून, सांगून राहिली. बी विंगमधल्या कुणीतरी रागाने एक चांदणी दिली, तिचं बघून दुसऱ्या घराने दिली. तिसऱ्या दिवशी मुमताज गेटवर आली तर कोड लाल. वॉचमन म्हणाला, "मावशी, मी काय करू? मशीन नाही म्हणतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चाळीसेक बायका आल्या आणि गेटबाहेर फुटपाथवर बसल्या. एकही आत आली नाही. घोषणा नाही, फलक नाही. मुमताजचा कोड सुरू करा आणि चांदण्या बंद करा, एवढंच म्हणणं.

संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये तातडीची मीटिंग. लेले तापलेले. "काय चाललंय हे? आणि ह्यांना भडकवतंय कोण? ह्या बायका काल केंजळ्यांच्या घरी जमल्या होत्या, मला कळलंय."

काका काठी टेकत उठले. "जमल्या होत्या. चहा पण पाजला. त्यांचं आधीच ठरलं होतं. ह्याला म्हणायचं काय, एवढंच सुनंदाने विचारलं. मी अर्थ सांगितला."

आणि मग त्यांनी तो आम्हालाही सांगितला. शिडं उतरवलेल्या जहाजापासून सुरुवात. कुलूप, साहेबाचं आडनाव, मंडईतला शेठ, सगळं. आवाज चढत गेला, चष्मा कपाळावर गेला. आयटीतला एक मुलगा अखेर म्हणाला, "काका, विथ ड्यू रिस्पेक्ट, पॉइंट काय आहे?"

"पॉइंट असा की एकट्याने केली तर ती रजा. सगळ्यांनी मिळून केला तर तो संप. मुमताजबाईंनी रजा घेतली, तुम्ही तिला शिक्षा केलीत. आता ह्यांनी संप केलाय. आता काय शिक्षा करता बघू!"

काही जण हसले. लेले हसले नाहीत. ठराव झाला की सोसायटीने ठाम राहायचं, कुणीही आपापल्या बाईशी परस्पर बोलायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

आणि आता आमच्या लोकांनी काय केलं ते ऐका. कोथरूडात प्रत्येक घराची पक्की समजूत असते की आपली बाई म्हणजे अगदी घरच्यासारखी. दुसऱ्यांच्या बायका संप करतील, पण आपली? छे! ती आपल्याला कशी सोडेल? दिवाळीला साडी देतो, मुलाची फी भरली होती एकदा. सकाळी साडेसातला, ठराव पास होऊन बारा तास व्हायच्या आत, मी बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि माझ्याकडे भांड्याला येणाऱ्या रंजनाला फोन लावला.

"रंजना, तुमचं आपलं चालू दे हं. माझा तुम्हाला पाठिंबाच आहे. पण तू आपली पार्किंगच्या बाजूने पटकन येऊन जा. कुणाला कळणार नाही. तुझं माझं वेगळं आहे."

पलीकडे एकदम हशा उसळला. एका बाईचा नाही, चाळीस बायकांचा!

"ताई," रंजना हसू दाबत म्हणाली, "फोन स्पीकरवर हाय. तुमी सतराव्या."

मी जिना उतरून पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. फुटपाथवर बायका ओळीने बसलेल्या, आणि ओळीने त्यांचे फोन वाजतायत. एक वाजला की सगळ्या गप्प, स्पीकर लावायचा, आतून कुणीतरी हळूच म्हणायचं, 'तुझं माझं वेगळं आहे', आणि पुन्हा हशा. लेल्यांच्या मिसेसचा फोन माझ्याआधीच येऊन गेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हसूही आलं, ते कसं आवरणार?

तिसऱ्या दिवशी मात्र हसू गेलं.

दुपारी जिन्यात आवाज ऐकू आला म्हणून मी दार उघडलं. काकांच्या दाराशी सुनंदा, हातात डबा. शेजारी मुमताज.

"काका, दार उघडा. आमचं सगळ्यांचं ठरलंय. तुमच्याकडं यायला हरकत न्हाई. आजारी मानूस तुमी."

आतून आवाज आला, तुटक तुटक. "सवलत... नको."

"अहो, मी स्वतः सांगतेय," मुमताज म्हणाली. "माझ्यासाठीच चाललंय ना हे? मग माझंच ऐका."

"नको."

"मी काढून ठेवलेल्या गोळ्या कालच संपल्या. आजची घेतली का?" सुनंदा ओरडली.

"घेतली."

"कुनी काढून दिली?"

 सुनंदाने दारावर थाप मारली, मग कपाळ टेकवलं आणि रडायलाच लागली. "असा कसा हा मानूस? आमी हो म्हनतोय आन् हाच न्हाई म्हनतोय!"

डबा तिने माझ्या हातात दिला आणि दोघी उतरून गेल्या. काकांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असायची. मी कुलूप उघडून आत गेले.

काका खुर्चीत ताठ. मान एका बाजूला. गोळ्यांचं पाकीट जमिनीवर पडलेलं, त्याच्या चांदीवर दातांचे व्रण. दातांनी फोडायचा प्रयत्न केला होता त्यांनी.  सहा वर्षं समोर राहिले मी, रोज त्यांचे शब्द ऐकले, आणि गोळी कुठल्या वाटीत किती वाजता असते ते मला ठाऊक नव्हतं. पाकिटं वाचून वाचून गोळी शोधली, त्यांच्या तोंडात घातली, चमच्याने पाणी पाजलं.

अर्ध्या तासाने बोट हललं, मग जीभ.

"सेक्रेटरी म्हणून... आलात?"

"नाही हो काका. शेजारीण म्हणून."

"मग बसा."

"मरायचं आहे का तुम्हाला?" मी ओरडलेच. "त्या बिचाऱ्या स्वतः सांगायला आल्या. तुमचं कारण वेगळं आहे!"

हे ऐकलं आणि त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "हेच म्हणालो होतो मी."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"खडकीला आमचा संप झाला होता. तेव्हा ही पोटुशी, सातवा महिना, दवाखान्यात ठेवलेली. मॅनेजरने निरोप धाडला, तुझी अडचण आम्हाला समजते, तू आपला मागच्या गेटने ये, कुणाला कळणार नाही. चौथ्या दिवशी गेलो. म्हटलं, माझं कारण वेगळं आहे. गेटला पोचलो तर तिथे आणखी अकरा जण उभे! कुणाची आई अंथरुणावर, कुणाच्या बहिणीचं लग्न. सगळी कारणं खरी हो, एकही खोटं नाही. आम्ही खाली मान घालून एकामागून एक आत शिरलो. दुपारपर्यंत संप मोडला."

"मग?"

"माझ्या शेजारच्या लेथवर याकूब होता. मागण्यांच्या कागदावर पहिली सही त्याची. त्याला काढलं. हत्यारं न्यायला आला तेव्हा मी म्हटलं, याकूब, माझी अडचण तुला माहीत होती. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, 'वसंता, संप म्हणजे काय तेच तुला कळलं नाही.' आणि गेला. मी त्याच रविवारी जुन्या बाजारात जाऊन हा कोश विकत घेतला. पहिला शब्द तोच काढला."

"त्यांना पुन्हा भेटलात?"

"पत्ता मिळवला होता. जायची लाज वाटली. मग एक दिवस कळलं, याकूब गेला." त्यांचा हात मांडीवर थडथड उडत होता. तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवला. "आज सुनंदा माझ्या दारातून आत आली, की उद्या बी विंगच्या आजींचं कारण, परवा लेल्यांच्या सासूचं. सगळी कारणं खरीच असणार. मंजिरी, मला पुन्हा तसलं कारण व्हायचं नाही."

त्यांनी मला नावाने हाक मारली ती तेवढीच. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मग उठून चार वाट्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या काढून ओळीने मांडल्या. काका बघत होते. म्हणाले, "दुसरी आणि तिसरी उलट झाली." मी त्या बदलल्या. सुनंदाचा डबा मात्र त्यांनी उघडू दिला नाही. केळी आणि चुरमुरे खाल्ले.

चौथ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "खाली घेऊन चला." मी एक प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि त्यांना गेटबाहेर बायकांच्यात नेऊन बसवलं. सुनंदा त्यांच्याशी बोलायला तयार नव्हती. पाठ फिरवून बसली. दहा मिनिटांनी तिनेच त्यांच्या डोक्यावर स्वतःच्या ओढणीने ऊन अडवलं, पण बोलली नाही ती नाहीच.

संध्याकाळी मी पुन्हा मीटिंग बोलावली. म्हटलं, पत्रक माझ्या सहीचं आहे, ते चुकलं, मी मागे घेते. चांदण्या बंद, मुमताजचा कोड सुरू, आणि ज्या दोघांनी एक चांदणी दिली त्यांनी तिला भेटून बोलावं. लेले म्हणाले, "असं दबावाखाली झुकायचं म्हणजे..." तेवढ्यात मागून त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "अहो, लवकर हात वर करा आणि घरी चला. चार दिवसांची भांडी तुमची वाट बघतायत." ठराव एकमताने पास झाला! काका शेवटच्या रांगेत बसले होते. मांडीवर थाप मारायला त्यांनी हात उचलला, तो शेजारच्या आयटीवाल्या मुलाच्या मांडीवर बसला. मुलगा म्हणाला, "काका, पॉइंट कळला."

त्यानंतर तीनच आठवड्यांनी मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली आणि तिकडेच या उन्हाळ्यात ते गेले. त्या तीन आठवड्यांत ते बरेचसे झोपूनच होते. म्हणून मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं असं म्हणायचं, ते मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

पावणेसातला मी ठरावाची बातमी घेऊन गेटवर गेले. बायका आधीच उभ्या होत्या. आणि त्यांच्यात काका! पाचव्या मजल्यावरून ते एकटे कसे उतरले देव जाणे. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, गालावर दोनतीन ठिकाणी कापलेलं. मी म्हटलं, "सगळं मान्य झालंय. चला आत." बायकांनी टाळ्या वाजवल्या, मुमताजला पुढे केलं. पहिली तीच जाणार, हे त्यांचं ठरलेलं.

काका गेटबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "सुनंदा, एक विचारू का?"

"विचारा की." दोन दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली.

"मी येऊ का तुमच्याबरोबर आत?"

सुनंदाला काही कळेना. स्वतःच्या सोसायटीत, स्वतःच्या घरी जायला हा माणूस आमची परवानगी कशाला मागतोय? तिने माझ्याकडे पाहिलं.  मी नुसती मान हलवली.

"या की," ती म्हणाली. "मदी या असे." आणि त्यांचा थरथरता हात तिने आपल्या दंडाखाली घट्ट दाबून धरला.

मुमताजने पाऊल उचललं, तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा. सगळ्या आल्या का?"

बायकांनी मागेपुढे पाहिलं. "रंजना कोपऱ्यावर चहाला गेलीय. येईल मागनं. तुमी चला."

"मग थांबू."

"अहो काका, बसा तरी," मी म्हटलं. "पाय लटलटतायत तुमचे."

"नाही. उभा आहे."

आणि ते उभे राहिले. गेट सताड उघडं, वॉचमन सलाम ठोकून बाजूला झालेला, वरच्या बाल्कन्यांतून लोक वाकून बघतायत, लेले घड्याळाकडे बोट दाखवतायत. चाळीस बायका आणि मध्ये हा म्हातारा, सगळे रस्त्याच्या कोपऱ्याकडे डोळे लावून. पाच मिनिटं झाली, सात झाली. काकांच्या कपाळावर घाम जमला होता. मग कोपऱ्यावरून रंजना येताना दिसली, पदराने तोंड पुसत, चपला फटफटवत पळत. काका आनंदाने ओरडले, "आली! आली! चला आता!"